मोजून बोलणे

सभेत बोलावयास उभा राहिलेला मनुष्य आरंभी एक वाक्य बहुधा उच्चारतोच: "मी आपला फार वेळ घेणार नाही." हे वाक्य कानी पडताच जाणते श्रोते खुर्चीत जरा सैलावून बसतात, कारण आता निदान अर्धा तास सुटका नाही, हे त्यांस अनुभवाने ठाऊक झालेले असते. तथापि अशा वक्त्यास कोणी असत्यवादी म्हणत नाही, आणि ते योग्यच आहे. तो कोणास फसवीत नसतो. आपण किती वेळ बोलणार ह्याची त्याची त्यासच कल्पना नसते. बोलणाऱ्याचा अर्धा तास पाच मिनिटांसारखा सरतो आणि ऐकणाऱ्याची पाच मिनिटे अर्ध्या तासासारखी रेंगाळतात, हा सृष्टीचा नियमच आहे.

परंतु त्या वाक्यातील 'वेळ घेणे' हा प्रयोग विचार करण्याजोगा आहे. घेण्याची गोष्ट निघाली की कोणाचे घेतले, किती घेतले, विचारून घेतले की न विचारता, आणि घेतल्याच्या बदल्यात काय दिले, हे प्रश्न ओघानेच येतात. द्रव्याच्या बाबतीत हे प्रश्न आपण नित्य विचारतो आणि त्यांची उत्तरे नीट न देणाऱ्यास नावेही ठेवतो. वेळेच्या बाबतीत मात्र आपली नीतिबुद्धी फार उदार होते. दहा मिनिटे मागून चाळीस मिनिटे घेणाऱ्या वक्त्याच्या गळ्यात आपण हार घालतो. ह्या उदारतेचे समर्थन करता येईल काय, असा प्रश्न अलीकडे आमच्या मनात वारंवार येतो. आणि तो येण्यास निमित्त झाले एक यंत्र, किंवा खरे म्हणावयाचे तर एक सॉफ्टवेअर.

लिहिलेला मजकूर मोठ्याने म्हणावयास किती वेळ लागेल, हे आधीच सांगणारी साधने आज कोणासही सहज उपलब्ध आहेत. मजकूर त्यांच्या हवाली करावा आणि क्षणार्धात 'चार मिनिटे पन्नास सेकंद' असे उत्तर यावे. ह्या उत्तरामागे काही गूढ विद्या नाही. बहुतेक साधने मजकुरातील शब्द मोजतात आणि एका मिनिटात मनुष्य अमुक शब्द बोलतो असे गृहीत धरून त्या संख्येने भागतात. इंग्रजी भाषणासाठी ही संख्या सामान्यतः १३० ते १५० धरतात. म्हणजे मिनिटास १३० ह्या गतीने ६५० शब्दांच्या भाषणास पाच मिनिटे लागावयाची. प्राथमिक शाळेतल्या मुलास येणारा भागाकार हाच ह्या साधनाचा आत्मा होय. काही साधने ह्याच्याही पुढे जाऊन अक्षरे मोजतात, स्वल्पविराम व पूर्णविराम ह्यांस थोडा अवकाश देतात, किंवा यंत्राच्या आवाजात सर्व मजकूर म्हणून घेऊन त्याची लांबी सांगतात.

मराठी मजकुरास हा हिशेब लावू गेल्यास पहिली अडचण तेथेच येते. आमच्या भाषेत प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दाला चिकटून बसतात. इंग्रजीत जे चार-पाच सुट्या शब्दांनी सांगावे लागेल ते 'घरातल्यांनासुद्धा' ह्या एका शब्दात आपण सांगतो. आणि शब्द मोजणाऱ्या यंत्राच्या लेखी 'घरातल्यांनासुद्धा' आणि 'तू' ह्या दोहोंचे मोल सारखेच. '१८५७' हा त्याला एक शब्द; तोंडाला मात्र 'अठराशे सत्तावन्न' असा पुरता उच्चार करावा लागतो. इंग्रजीच्या मापाने मराठी भाषण मोजणारा वक्ता ठरल्यापेक्षा लांबला तर त्यात नवल नाही.

हा दोष अर्थात दूर करता येण्यासारखा आहे. शब्दांऐवजी मात्रा मोजल्या की बरेचसे भागेल. आणि मात्रा मोजण्याची कला आपणांस कोणाकडून उसनी आणावयास नको. ऱ्हस्वाची एक मात्रा, दीर्घाच्या दोन, प्लुताच्या तीन आणि व्यंजनाची अर्धी, हे कोष्टक आपल्या उच्चारशास्त्राने फार प्राचीन काळी बसविले. घड्याळे नव्हती त्या काळी मात्रेचे प्रमाण काय धरावयाचे? पाणिनीय शिक्षेत ह्याचे मोठे गोड उत्तर आहे: चाष पक्षी एक मात्रा बोलतो, कावळा दोन, मोर तीन, आणि मुंगूस अर्धी. अंगणातील प्राण्यांनाच ज्यांनी कालमापक नेमले ते लोक मोजमापास तुच्छ लेखणारे नव्हते. सूत्रात अर्धी मात्रा वाचली तर वैयाकरणास पुत्रजन्माचा आनंद होतो, ही उक्तीही संस्कृतज्ञांस परिचित आहे. तेव्हा बोलणे मोजणे हा पाश्चात्त्यांचा किंवा यंत्रयुगाचा चाळा आहे, अशी तक्रार निदान आपणांस शोभणार नाही.

परंतु ह्याच शास्त्रकारांच्या ध्यानात एक गोष्ट आली होती, जी भागाकार करणाऱ्या यंत्राच्या ध्यानात येऊ शकत नाही. तेच अक्षर एक जण त्वरेने म्हणतो, दुसरा मध्यम गतीने, तिसरा सावकाश. मग काळ कमी-अधिक लागला म्हणून अक्षर बदलले काय? पतंजलीने महाभाष्यात ह्याचा ऊहापोह केला आहे. एकाच रस्त्याने रथात बसलेला लवकर जातो, घोडेस्वार त्याहून उशिरा आणि पायी चालणारा सर्वांत उशिरा, म्हणून रस्ता काही लांब-आखूड होत नाही, असा एक दृष्टांत तेथे येतो. तो अपुरा ठरल्यावर नगाऱ्याचा दृष्टांत येतो. नगाऱ्यावर टोला हाणून त्याचा नाद टिकतो तोवर कोणी वीस पावले जातो, कोणी तीस, कोणी चाळीस. मूळ शब्द तेवढाच राहतो. लांबतो तो ध्वनी. तात्पर्य, गतीचा भेद वक्त्याच्या बोलण्यामुळे येतो, शब्दाच्या स्वरूपामुळे नव्हे.

मग वक्त्याने कोणती गती धरावी? वेदपठणाच्या शास्त्राने ह्याचाही निर्णय दिलेला आहे. स्वतःच्या अभ्यासासाठी द्रुत वृत्ती, प्रत्यक्ष प्रयोगात मध्यम, आणि शिष्यांस शिकविताना विलंबित. ह्या तीन शब्दांच्या व्यवस्थेत नीतीचा एक संपूर्ण विचार साठविलेला आहे असे आम्हांस वाटते. ऋचा तीच, अक्षरे तीच, मात्राही त्याच. परंतु समोर कोण आहे हे पाहून गती ठरावयाची. आपण एकटेच असू तर धावावे. समोर शिष्य असेल तर त्याच्या पावलाने चालावे. 'हा मजकूर म्हणावयास किती वेळ लागेल?' ह्या प्रश्नास म्हणूनच 'कोणासाठी?' हा प्रतिप्रश्न केल्यावाचून उत्तर देता येत नाही.

अलीकडच्या संशोधनाचा सूरही काहीसा असाच आहे. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सतरा भाषांची तुलना करण्यात आली. जपानीसारख्या भाषेत दर सेकंदास अक्षरे पुष्कळ उच्चारली जातात, पण प्रत्येक अक्षरात आशय थोडा असतो. चिनीसारख्या भाषेत ह्याच्या उलट. शेवटी दर सेकंदास पोहोचणारा आशय सर्व भाषांत जवळजवळ सारखाच भरतो. त्या सतरांत आपल्या देशाची एकही भाषा नव्हती, म्हणून फार पुढे जाऊन अनुमान काढणे बरे नव्हे. तरी एवढे म्हणावयास हरकत नाही की जीभ कितीही चपळ असली तरी बुद्धीची ग्रहण करण्याची चाल तिच्या ताब्यात नाही.

येथे कोणी म्हणेल, असे असेल तर मोजण्याचा खटाटोप व्यर्थच ठरला! आमचे म्हणणे तसे मुळीच नाही. दोनशे श्रोत्यांच्या सभेत वक्त्याने ठरल्यापेक्षा दहा मिनिटे अधिक घेतली, तर एकंदर दोन हजार मिनिटे, म्हणजे तेहतीस तास वीस मिनिटे, लोकांच्या आयुष्यातून गेली. तेवढे एका माणसाचे घेतले असते तर आपण त्यास कोंडून ठेवणे म्हटले असते. दोनशेंत विभागले म्हणून ते वक्तृत्व ठरते.

अथेन्सच्या नागरिकांस ह्याची जाणीव होती. तेथील न्यायालयात वादी आणि प्रतिवादी ह्यांचे भाषण पाण्याच्या घड्याळावर चाले. बुडाशी भोक असलेले मातीचे भांडे. त्यातील पाणी संपले की बोलणे संपले. त्या नगरीच्या चौकात उत्खननात सापडलेल्या अशा एका भांड्यात सुमारे ६.४ लिटर पाणी मावते आणि ते सहा मिनिटांत वाहून जाते. श्रीमंतास मोठे भांडे आणि गरिबास लहान असा भेद नसे. आणि खाजगी दाव्यांत कायद्याचा किंवा साक्षीचा मजकूर वाचला जात असताना पाणी थांबवीत, कारण तो वेळ वक्त्याचा नव्हे. मोजण्याच्या मुळाशी येथे न्यायबुद्धी होती, हे उघड आहे.

परंतु ह्याच व्यवस्थेने इसवी सनापूर्वी ३९९ साली सॉक्रेटिसास देहान्ताची शिक्षा दिली. प्लेटोने लिहिलेल्या त्याच्या भाषणात एक तक्रार येते: देहान्ताच्या खटल्यांचा निर्णय एका दिवसात न करता पुष्कळ दिवसांत करावा असा कायदा इतरत्र आहे, तसा तो येथे असता तर मी तुमची खात्री पटवू शकलो असतो, एवढ्या थोड्या अवधीत मोठे आरोप धुऊन काढणे सोपे नाही. आमच्या मते त्याची ही तक्रार आजही अनुत्तरित आहे. आरोप करण्यास एक वाक्य पुरते. तो खोडण्यास शंभर वाक्ये लागतात. तेव्हा दोघांस सारखे पाणी देणे हे समान झाले. न्याय्य झाले काय?

लहान भाषण ते थोर आणि लांब ते पोकळ, असा सुटसुटीत सिद्धांत मांडणारे लोक लिंकनचे उदाहरण नेहमी देतात. १८६३ साली गेटिसबर्ग येथे एव्हरेट ह्या नामांकित वक्त्याने सुमारे दोन तास भाषण केले. नंतर लिंकन दोन-तीन मिनिटे बोलला, आणि जगाने लिंकनचे भाषण जपून ठेवले. हे खरे आहे. परंतु आपल्या सर्वोच्च न्यायालयात १९७२-७३ साली केशवानंद भारती खटल्याची सुनावणी ६८ दिवस चालली, हेही खरेच आहे. तेरा न्यायाधीशांपुढे पालखीवाला आदी विधिज्ञ दिवसच्या दिवस बोलत होते. आणि २४ एप्रिल १९७३ रोजी सात विरुद्ध सहा अशा निसटत्या बहुमताने राज्यघटनेच्या मूलभूत चौकटीस संसदेनेही हात लावू नये असे ठरले. त्या ६८ दिवसांतील कोणता दिवस अधिक होता, हे कोणते यंत्र सांगणार? मोजके बोलणे आणि मोजून बोलणे ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत. मोजके ते, ज्यात विषयास हवे त्याहून अधिक काही नाही. मग त्यास दोन मिनिटे लागोत की दोन महिने. मोजून ते, जे दिलेल्या अवधीत मावते. यंत्र दुसरे सांगते. पहिले ज्याचे त्यानेच ठरवावयाचे असते.

हा भेद आम्हांस तत्त्वतः ठाऊक होता. तो अंगाशी कसा आला, ती हकीकत आता सांगणे प्राप्त आहे.

काही महिन्यांपूर्वी आमचे एक वृद्ध अध्यापक वारले. त्यांच्या शोकसभेत सात जणांनी प्रत्येकी पाच मिनिटे बोलावे असे ठरले होते. यादीत आम्ही सहावे, आणि शेवटचे नाव महाविद्यालयातील निवृत्त शिपाईमामांचे होते. सर बोलताना अडखळत. ते अडखळणे जिभेचे नव्हते. नेमका शब्द सापडेपर्यंत पुढे जावयाचे नाही, असा त्यांचा बाणा होता. वाक्याच्या मध्येच ते खिडकीबाहेर पाहत उभे राहत. कधी अर्धे मिनिट, कधी पुरते मिनिट वर्ग स्तब्ध असे. पहिल्या वर्षी आम्हांस त्याचे हसू येई; तिसऱ्या वर्षी आम्हीही मनातल्या मनात तो शब्द शोधू लागलो होतो. विचार करणे म्हणजे काय, हे आम्ही त्या स्तब्धतेत शिकलो.

हे सर्व आम्ही आमच्या टिपणात लिहिले होते. घरी मुलीने ते पाहिले आणि "बाबा, हे पाच मिनिटांत मावायचं नाही," असे म्हणून त्या साधनात घातले. उत्तर आले: अकरा मिनिटे वीस सेकंद. आम्ही कात्री चालविली. सरांच्या पदव्या, त्यांचे ग्रंथ, त्यांनी भूषविलेली पदे ह्यांस हात लावणे अनुचित वाटले. ती माहिती होती. खिडकीबाहेर पाहण्याचे वर्णन मात्र निघाले. मजकूर पाच मिनिटांच्या आत आला आणि आम्ही समाधान पावलो.

सभेत आमच्या आधीचे वक्ते कागदावाचून उभे राहिले, 'फार वेळ घेणार नाही' असे म्हणाले आणि अडतीस मिनिटे बोलले. सातही जणांस मिळून जेवढा वेळ होता त्याहून हा तीन मिनिटे अधिक. अध्यक्षांनी पाठविलेली चिठ्ठी त्यांनी वाचली आणि खिशात ठेवली. मग आम्ही आमचे टिपण वाचले. चार मिनिटे चाळीस सेकंद लागली. खाली बसताना आम्हांस त्याचा थोडा अभिमानही वाटला, हे कबूल केले पाहिजे. सभागृह सातपर्यंतच मिळालेले होते. सूत्रसंचालकांनी घड्याळाकडे पाहिले, 'वेळेअभावी' असा शब्द उच्चारला, आणि आभार मानून टाकले. शेवटी सर्वांनी उभे राहून दोन मिनिटे मौन पाळले. तेही सव्वा मिनिटात आटोपले.

जिन्यात मामा भेटले. आपण काय बोलणार होतात, असे आम्ही त्यांस विचारले. ते म्हणाले, "फार नव्हतं, सर. घंटेजवळच त्यांचा वर्ग. शेवटच्या तासाला सर बोलता बोलता थांबलेले दिसले, की मी टोल धरून ठेवायचो. त्यांचं वाक्य पुरं झालं की मग द्यायचो. तीस वर्षांत त्यांना ते कळलं नाही. तेवढंच सांगायचं होतं."

घरी जाऊन आम्ही ही वाक्ये त्या साधनात घालून पाहिली. सोळा सेकंद.

ह्या प्रसंगी कोणाचा अपराध किती, ह्याचा विचार आम्ही पुष्कळ केला. अडतीस मिनिटे बोलणाऱ्या गृहस्थांचा अपराध उघड आहे. त्यांनी श्रोत्यांचा वेळ घेतला एवढेच नव्हे. श्रोता कंटाळला तर निदान उठून जाऊ शकतो. त्यांनी ज्यास बोलावयाचे होते त्याची पाळी घेतली, आणि ती त्यास परत मिळण्याचा मार्ग नाही. लांबलेल्या भाषणाची किंमत बहुधा यादीतील शेवटचा मनुष्य देतो. आणि यादीत शेवटी कोणास ठेवावयाचे हे आपल्या समाजात आधीच ठरलेले असते. परंतु आमचाही अपराध लहान नव्हता. किती कापावयाचे ते यंत्राने सांगितले होते. काय कापावयाचे ते आम्ही ठरविले. जे मोजता येते ते आम्ही ठेवले, आणि जे मोजता येत नाही ते अनावश्यक मानले. सरांची स्तब्धता गाळून आम्ही सरांविषयी बोललो. यंत्रास दोष देण्यास येथे तिळमात्र जागा नाही.

येथे एक आक्षेप घेता येईल. मामांनी टोल धरून ठेवला म्हणजे इतर वर्गांचा वेळ त्यांनी घेतलाच की! शेजारच्या खोलीतील शंभर मुले त्यांच्यामुळे अर्धे मिनिट उशिरा सुटली. आमचाच मघाचा गुणाकार त्यांस का लावू नये? आक्षेप खोटा नाही, आणि त्याचे हिशेबी उत्तर आमच्यापाशी नाही. एवढेच म्हणता येईल की मामांनी ते अर्धे मिनिट स्वतःसाठी घेतले नाही. वेळ मोजणे हेच ज्यांचे काम होते, त्यांनी दुसऱ्याच्या वाक्यासाठी ते क्षणभर थांबविले. बोलणाऱ्याने स्वतःस सवलत देणे आणि ऐकणाऱ्याने बोलणाऱ्यास सवलत देणे, ह्या दोन क्रिया घड्याळावर सारख्या दिसतात. नीतीच्या दृष्टीने त्या विरुद्ध दिशांच्या आहेत.

तेव्हा आमचा निष्कर्ष असा: आपल्या बोलण्यास यंत्राचे माप लावावे, आणि दुसऱ्याच्या बोलण्यास मामांचे. व्यवहारात आपण बहुधा ह्याच्या उलट वागतो. व्यासपीठावर आपण घड्याळ विसरतो, आणि घरी म्हातारी आई तीच जुनी गोष्ट पुन्हा सांगू लागली की तत्काळ मनगटाकडे पाहतो. 'आता औषधाचा उपयोग होईल असे वाटत नाही' हे वाक्य म्हणावयास यंत्राच्या हिशेबाने चार सेकंद पुरतात. पण जो वैद्य ते चार सेकंदांत सांगून पुढच्या रोग्याकडे वळतो, त्याने वेळ वाचविला असे कोणी म्हणणार नाही. ते वाक्य ऐकणाऱ्याच्या मनात पोहोचेपर्यंत जवळ बसून राहणे हा त्या वाक्याचाच भाग आहे. तो कोणत्याही मजकुरात लिहिलेला नसतो, म्हणून कोणत्याही साधनास तो मोजता येत नाही.

असो. हा लेख मोठ्याने वाचावयास सुमारे पंधरा मिनिटे लागतील, असा हिशेब आहे. वाचकांची एवढी मिनिटे आम्ही घेतली. त्यांतील सोळा सेकंद मामांची आहेत. ती त्यांस त्या सायंकाळीच मिळावयास हवी होती.